डावी सत्तर, उजवी तीस

शनिवार, २ ऑगस्ट. सकाळी ९.
आजपासून राग बंद. कायमचा. रागावणारा माणूस आयुष्यात मागे पडतो, हे मला समजायला एकवीस वर्षं लागली, पण समजलं. वही नवीन, पेन नवीन. या वहीत फक्त प्रगती लिहायची.

सकाळी ९.४०.
आरतीने न विचारता माझा चार्जर घेतला. थोडा आवाज चढला. हा राग मोजायचा नाही. तो नवाच्या आधीचा, शिल्लक राहिलेला होता.

दुपारी १.
घरात गडबड. आबांच्या हातातून चहाचा ग्लास पडला. मी म्हटलं, नीट धरता येत नाही का. आबा काहीतरी बोलले, ते कळलं नाही. म्हटलं, तंबाखू थुंका आणि मग बोला. तोंडात तंबाखू नव्हती. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओघळलेलं. आईने हाक मारली, ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली.
दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी. आबा म्हणाले, काय न्हाई झालं, मुंग्या आल्या हुत्या. दुसरा चहा टाक.
गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, काकासाहेब, ही नोटीस आहे. मेंदूकडे रक्त नेणारी शीर मानेतून जाते, तिथे कुठेतरी अडलंय असा संशय आहे. पुढच्या वेळी हात दहा मिनिटांत परत येईल याची खात्री नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्या. आजच्या आज नगरला जाऊन मानेच्या शिरांची सोनोग्राफी करा. तिला कॅरोटिड डॉपलर म्हणतात. रिपोर्ट आला की लगेच मला दाखवा.
आबा म्हणाले, आज दिवसाची लाइट हाय, मोटर सोडून कसं जाता येईल? सोमवारी जाऊ.
कोण नेणार? मी. घरात इंग्रजी वाचणारा मीच. तसा मी इंजिनीअरिंगचा. कॉलेज सोडलं, असं लोक बोलतात. सोडलेलं नाही. सेकंड इयरला ब्रेक घेतलाय. फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर चालू असताना सर म्हणाले टोपी काढ, मी म्हटलं नाही काढत, आणि उठून आलो. प्रश्न तत्त्वाचा होता. पेपर तसाही अवघडच होता, पण तो भाग वेगळा.

सोमवार, ४ ऑगस्ट. संध्याकाळी ६.
वही घेतल्याचं सार्थक झालं.
निकिता.
नगरच्या त्या सेंटरमध्ये दुसऱ्या मजल्यावर काउंटरला बसते. निळा कोट, केसांना पेन खोचलेलं. माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, पेशंटशी नातं काय? मी म्हटलं, जे जुळेल ते. तिने लिहिलं, मुलगा. पण लिहिताना ओठांचा कोपरा हलला. मी पाहिलं.
मोबाईल नंबर मागितला. स्वतःहून! मी सावकाश दोनदा सांगितला. मग आणखी एक नंबर द्या म्हणाली, नाइलाजाने आईचा दिला.
तेवढ्यात एक जाडगेला माणूस रांग सोडून पुढे घुसला. त्याला मी रांग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. निकिता म्हणाली, भांडायचं असेल तर खाली पार्किंगमध्ये जा, इथे पेशंट आहेत. म्हणजे तिने मला हेरलं. एवढ्या गर्दीत मलाच.
आतून डॉक्टर हाक मारत होते, काकासाहेबांचे नातेवाईक आत या. मी काउंटरवर स्पेलिंग तपासत होतो. कुणीतरी तपासायला हवंच होतं. आबा एकटेच आत राहिले. बाहेर आले ते टॉवेलने मान पुसत. म्हणाले, अंधारी खोली हाय. मानेला गारगार चिकट लावत्यात आन् वरून दांडकं फिरवत्यात. टीव्हीवर लाल-निळं पानी पळतंय. आन् आवाज आसा, फुस्स फुस्स, मोटरचा व्हाल लीक असल्यावानी. डाव्या बाजूला तर लई जोरात वाहतंय म्हनला डॉक्टर.
मी म्हटलं, मग झालं की. वाहतंय ना? जोरात ना?
आबा म्हणाले, त्यो तोंड वाकडं करून म्हनला पन.
डॉक्टर लोक तोंड वाकडंच करतात. सवय असते.
रिपोर्ट उद्या मोबाईलवर येणार. माझ्या.

मंगळवार, ५ ऑगस्ट.
११ वाजून १२ मिनिटांनी आला. पीडीएफ. खाली लिहिलेलं, गेट वेल सून. मी तर आजारी नाही. आबांना इंग्रजी मेसेज वाचता येत नाही, हे तिला माहिती आहे. मग हे कुणासाठी?
रिपोर्ट दोन पानी. मी एकदाच वाचला. समजणाऱ्याला एकदा पुरतं. उजवी शीर, थर्टी पर्सेंट स्टेनोसिस. डावी, सेव्हंटी पर्सेंट. डावीत रक्ताचा वेग दोनशे सत्तर आणि नॉर्मल एकशे पंचवीसच्या आत. दुपटीच्या वर! स्टेनोसिस म्हणजे शिरेची क्षमता, हे वाक्यावरूनच कळतं. डावी सत्तर, उजवी तीस. दोन्ही मिळून शंभर. मेंदूला पूर्ण पुरवठा.
आबांना सांगितलं. आबा रोज पेपर उघडला की आधी भंडारदरा धरणाच्या साठ्याचा आकडा बघतात, मग कोण गेलं ते. टक्क्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा. म्हणाले, डावीकडं सत्तर? म्हंजी निम्म्याच्या लई वर गेलं की! मग उजवीला तीसच का?
मी म्हटलं, उजवीला पाणलोट कमी असेल.
त्यांना पटलं. आई म्हणाली, डॉक्टरला दावून तर या. मी म्हटलं, पास झालेल्या माणसाने पेपर घेऊन मास्तरकडे जायचं का? तसे डॉक्टरही मुलीच्या अॅडमिशनसाठी पुण्याला गेलेत, सोमवारी येणार.
आरती बारावी सायन्सला आहे. म्हणाली, दादा, मला बघू दे. नाही दिला. त्याच चॅटमध्ये निकिताचा मेसेज आहे. खासगी.
शेवटच्या ओळीत छापलंय, क्लिनिकल कोरिलेशन अॅडव्हाइज्ड. कोरिलेशन म्हणजे संबंध. संबंध ठेवावा असा सल्ला. थेट लिहायची हिंमत लागते. मानलं तिला.

बुधवार, ६ ऑगस्ट.
११.०५. मिस्ड कॉल. सेंटरचा नंबर. मी म्हैस धूत होतो, हात ओले. पुसून बघतो तर कट.
थेट बजरंगचं दुकान गाठलं, राहुरी फॅक्टरीला. बजरंग मोबाईल दुरुस्त करतो आणि लव्हमध्ये त्याचा सल्ला सगळा तालुका घेतो. त्याचं जमलेलं लग्न दोनदा मोडलंय, म्हणजे अनुभव आहे. स्क्रू काढता काढता म्हणाला, अज्या, पहिल्या फोनला जो उचलतो तो संपला. पोरगी म्हणते, हे रिकामंच बसलंय. तीन दिवस वाजू दे.
मी म्हटलं, तीन दिवस लई होतात रे.
तर म्हणाला, आरं येड्या, शनिवारी राखीपौर्णिमा हाय! ह्या हप्त्यात कुठल्याच पोरीचा फोन उचलायचा नसतो. उचलला की मनगट गेलं.
अंगावर काटा आला. किती थोडक्यात वाचलो.
ठराव : रविवारपर्यंत उचलायचा नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट.
तीन मिस्ड कॉल. वर मेसेज : सर प्लीज कॉल बॅक, अर्जंट, रिपोर्टबद्दल.
रिपोर्टबद्दल. काहीतरी कारण काढायला लागतंच मुलींना.
इकडे आबांनी चौकात सांगून ठेवलंय की डावी सत्तर भरली. शेजारचे श्रीमंतकाका, जीपवाले, संध्याकाळी मुद्दाम घरी आले. काकासाहेब, मोजतात कसं वो? आबांनी मानेला बोट लावून दाखवलं. श्रीमंतकाका जाताना म्हणाले, माझी तर चाळीस बी भरायची न्हाई, मला पायऱ्यांनीबी धाप लागती. त्यांना वाईट वाटलं. आबांनी त्यांना भजी खाऊ घातली आणि सोबत स्वतःही खाल्ली.
रात्रीच्या जेवणाआधी आबा म्हणाले, सत्तर असल्यावर ती गोळी कशाला रं? तोंड कडू व्हतंय. मी म्हटलं, राहू द्या मग. आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती फुटक्या पाइपकडे बघते.

शुक्रवार, ८ ऑगस्ट.
दोन मिस्ड कॉल. मी दगड.
म्हशीने लाथ मारली. तिला काही बोललो नाही. प्रगती.

शनिवार, ९ ऑगस्ट. राखीपौर्णिमा.
फोन सकाळी सहापासून विमान मोडवर. दार लावून बसलो होतो. आरतीने दार वाजवलं तेव्हाही आधी विचारलं, कोण?
आरतीने राखी बांधली. म्हणाली, ओवाळणी नको, तो रिपोर्ट दाखव. मी म्हटलं, सणाच्या दिवशी आजाराचं नाव काढू नये. ती पाट उचलून गेली. मी चिडलो नाही. ताट थोडं जोरात सरकवलं एवढंच, त्यात निरांजन पडलं.
दुपारी आबा म्हणाले, डाव्या डोळ्यावर पडदा आल्यावानी झालं, दुकानाचं शटर वढल्यावानी वरून खाली. पाच मिनिटांनी गेलं. आई म्हणाली, अज्या, मला हे लक्षण बरं दिसत न्हाई. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. चष्मा आठ वर्षांचा आहे. साधी गोष्ट. या घरात प्रत्येक गोष्टीचं कारण मलाच शोधून द्यावं लागतं.

रविवार, १० ऑगस्ट.
विमान मोड काढला. कंपनीचे मेसेज आले : काल सेंटरचे चार कॉल. राखीपौर्णिमेला, चार! बजरंगला दंडवत.
पण आता धोका टळला. आजवर एकूण दहा फोन. दहा वेळा कुणी कुणाला उगाच फोन करत नाही. आमच्या पाइपच्या डीलरने उधारीसाठीसुद्धा इतके केले नाहीत.
उद्या जायचं. आकाशी शर्ट इस्त्री केला. पावकिलो पेढे. वाक्य पाठ केलं : निकिता, तुमचे फोन माझ्यापर्यंत पोचले. बाकी डोळ्यांनी बोलायचं.

सोमवार, ११ ऑगस्ट. दुपारी ३. नगर, बसस्टँड.
अक्षर बिघडलंय. रागाने नव्हे. उन्हाने.
मला बघून ती खुर्चीतून उठली. उठून उभी राहिली! म्हणाली, अहो, कुठे होता तुम्ही? दहा फोन केले मी. पाठ केलेलं वाक्य विसरलो. म्हटलं, मुद्दाम नाही उचलले.
म्हणाली, मुद्दाम?
मी म्हटलं, तुम्ही कशासाठी करत होता ते मला माहिती आहे.
ती म्हणाली, माहिती होतं आणि तरी पेशंटला आणलं नाही?
मी हळू आवाजात म्हटलं, आपल्यात पेशंट कशाला?
रांगेतून हसण्याचा आवाज आला. मागे वळून बघतो तर गेल्या सोमवारचा तोच जाडगेला. याला घर नाही का? निकिताचा चेहरा लाल झाला. म्हणाली, अहो अजिनाथ, ऐका नीट, ते सत्तर टक्के म्हणजे... मी मध्येच म्हटलं, सत्तर टक्के मला शिकवू नका, मी इंजिनीअरिंगचा माणूस आहे. जाडगेला म्हणाला, कितव्या वर्षाला?
तिथून पुढचं नीट आठवत नाही. मी बरंच बोललो. निकिता म्हणाली, आधी ते पेढे काउंटरवरून काढा, मशीनच्या जागेत मुंग्या होतात. मी पेढे काढले. जिना उतरलो. खाली येऊन सेंटरचा नंबर ब्लॉक केला.
विषय संपला. पेढे इथेच बाकावर बसून खाल्ले. सगळे.

मंगळवार, १२ ऑगस्ट. दुपारी १२.
बजरंग म्हणतो, ब्लॉक केलंस ते शंभर नंबरी काम केलंस. आता ती रडत असेल.
मन शांत आहे. कसलीही घंटी नाही. आता करिअर. ड्रोनने फवारणीचा धंदा टाकायचा विचार आहे. ड्रोन नाही, पण विचार पक्का.

दुपारी २.१०.
घराला कुलूप! आबांच्या चपला नाहीत. श्रीमंतकाकांची जीप नाही.
ओट्यावर छबूकाकू तांदूळ निवडत होत्या. श्रीमंतकाकांच्या थोरल्या वहिनी. म्हणाल्या, तुज्या आईला नगरहून कुन्या पोरीचा फोन आला हुता. लई येळ बोलली. तुजी आई ऐकता ऐकता खालीच बसली. मग उठली ती थेट आमच्या श्रीमंतला म्हनली जीप काडा. आरतीबी कॉलेजातून आली ती तशीच गेली.
नगरची पोरगी. थेट आईला फोन. लई वेळ बोलली. आबांना घेऊन आई तातडीने नगरला गेली.
देवा. एवढ्या झपाट्याने? मी ब्लॉक केल्यावर तिने थेट मोठ्या माणसांशी बोलणं सुरू केलं! आकाशी शर्ट धुवायला टाकलाय, पांढरा घालतो.

दुपारी २.२५.
आरतीला फोन लावला. म्हटलं, मला न सांगता गेलात? मुलगी कशी वाटली आईला?
आरतीने आधी फोन स्पीकरवरून काढला. मग म्हणाली, दादा, सत्तर टक्के बंद आहे. शीर बंद आहे. उघडी तीसच आहे.

संध्याकाळी ७. नगर, दवाखाना.
काय काय झालं ते क्रमाने लिहितो. मला क्रम लागत नाहीये.
निकिताने फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरवर फोन केला. तो आईचा. तिला सेंटरच्या डॉक्टरांनी पाच तारखेलाच सांगून ठेवलं होतं की या पेशंटला लगेच कळवा, कुणाला तरी दाखवायला सांगा. ती सहा दिवस मलाच कळवत होती.
आई मेडिकलचं एक अक्षर शिकलेली नाही. तिला निकिताने वेगाचा आकडा सांगितला, दोनशे सत्तर, नॉर्मलच्या दुप्पट. तर आई म्हणाली म्हणे, आगं बाई, म्हंजी पाइपाच्या तोंडावर अंगठा ठिवल्यावर पानी लांब जातं, तसं? निकिता म्हणाली, हो मावशी, अगदी तसंच. आई माझ्यासमोर कॉरिडॉरमध्ये बसून हे सांगत होती आणि अंगठा असा धरून दाखवत होती. रोज सकाळी कोथिंबिरीच्या वाफ्याला ती असंच पाणी मारते. वीस वर्षं माझ्यासमोर मारते.
फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात पहिला प्रश्न हाच होता. नळी अरुंद झाली तर वेगाचे काय होईल? तो सोडवायच्या आधी मी उठलो होतो. टोपी.
सीटीसाठी आबा स्ट्रेचरवर होते, त्यांचा नंबर तिसरा होता. हात खाली लोंबला. तोंड ओघळलं. या वेळी दहा मिनिटांत परत आला नाही. वीस मिनिटांत नाही. पण दवाखान्यातच होते, म्हणून पाव तासात गुठळी विरघळवायची सुई लागली. मोठे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, तुम्ही आत्ता गावात असता तर... आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी त्यांना अडवलं नव्हतं. ते आपणहून थांबले.

गुरुवार, १४ ऑगस्ट.
आबांचा हात कोपरापर्यंत आलाय. बोटं अजून नाहीत. शब्द येतात, पण वेगळेच. पाणी हवं असलं की म्हणतात मोटर. आईला एकदा हाक मारली, भंडारदरा. आई म्हणाली, हां, आले.
डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफीचं चित्र दाखवलं. रंग सोडून शिरांचा फोटो काढतात. मानेत दोन झाडं उगवल्यासारखी दिसतात, काळ्या पडद्यावर पांढरी. डावीकडचं खोड एका जागी इतकं बारीक, की उसाच्या पेराला कीड लागून तिथून मोडायला झालेलं असतं ना, तसं. डॉक्टर म्हणाले, इथे आतून चरबी आणि चुना साठलाय. त्याचा कपचा सुटला की वर मेंदूत जाऊन अडकतो. हात, बोलणं, डोळ्यावरचा पडदा, सगळं त्यातलंच.
आबा पडद्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, गाळ.
डॉक्टर म्हणाले, बरोबर. गाळ.
तीन दिवसांत त्यांना जमलेला पहिला शब्द.
डॉक्टरांनी मला विचारलं, तू काय शिकतोस? मी म्हटलं, ब्रेक. ते म्हणाले, कशाचा?

बुधवार, २० ऑगस्ट.
काल ऑपरेशन. मानेला छेद देऊन शीर उघडायची आणि आतला गाळ काढायचा. संमतीचा कागद माझ्यापुढे आला. पेशंटशी नाते. लिहिलं, मुलगा. खाली सही. धोके छापलेले होते, ते सगळे वाचले. इंग्रजीतले आरतीकडून वाचून घेतले. दोनदा.
तीन तास. मी कुणावर ओरडलो नाही. ओरडायला कुणी समोर आलंच नाही, सगळे मला बघून दुसऱ्या बाकावर बसायचे.
बाहेर आल्यावर डॉक्टरांनी छोट्या बाटलीत तो काढलेला तुकडा दाखवला. पिवळट, घेवड्याच्या शेंगेएवढा. एवढंसं. मी त्याला क्षमता म्हणालो होतो.
संध्याकाळी आईच्या फोनवर निकिता. आबांची चौकशी केली. आई तिला जेवायला ये म्हणाली. मी जवळच उभा होतो, आईचा फोन मोठ्याने ऐकू येतो. ती म्हणाली, मावशी, एक सांगू का, तुमचा मुलगा फार तापट आहे, वडिलांचं असं आहे तर त्याचंही बीपी एकदा बघून घ्या.
आईने तिथेच सिस्टरला सांगून पट्टा बांधायला लावला. दीडशे बाय शहाण्णव. सिस्टर म्हणाल्या, या वयात? आरती म्हणाली, दादा, म्हणजे किती टक्के?

गुरुवार, २१ ऑगस्ट.
सेंटरचा नंबर अनब्लॉक केला. सॉरीचा मेसेज लिहिला. मोठा झाला. खोडला. परत लिहिला. अकराव्या वेळी फक्त एवढंच पाठवलं : तुमच्यामुळे आबा आहेत. अजिनाथ.
एका मिनिटात उत्तर. हृदय हातात धरून उघडलं. आमच्या सेवेबद्दल आपला अनुभव कसा होता? कृपया रेटिंग द्या.
पाच स्टार दिले. अभिप्रायाच्या चौकटीत लिहिलं, स्टाफ चिकाटीचा आहे.
बजरंगचा फोन आला होता. उचलला नाही. बघू तीन दिवस.

सोमवार, २५ ऑगस्ट. सकाळी ८. घर.
आबांना काल घरी आणलं. मानेला टाके. गोळ्यांच्या डबीला आरतीने वार लिहिलेत आणि किल्ली आईकडे आहे. डबीला कुलूप नाही, पण आईच्या हातून आल्याशिवाय गोळी निघत नाही, म्हणजे किल्ली आईच.
उजव्या अंगठ्यात अजून जोर नाही. पेपर धरला की घसरतो. मी म्हटलं, आबा, मी वाचतो. त्यांच्या खाटेजवळ बसलो. आधी आकडा शोधला. नीट वाचलं, बोट ठेवून. म्हटलं, भंडारदरा सत्त्याण्णव टक्के भरलंय.
आबा माझ्याकडे बघत राहिले. तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत होते, वेळ लागत होता. मी मध्ये बोललो नाही. हल्ली बोलत नाही.
मग हळूहळू म्हणाले, पान्यानं... का गाळानं?
म्हटलं, पाण्यानं, आबा. पाण्यानं.
त्यांनी मान हलवली, टाके ओढतील इतकीच. डाव्या हाताने पेपर माझ्या मांडीवरून उचलला आणि म्हणाले, आरतीला दाव आदी.